यंत्र, आयुष्य आणि बुद्धी : वृद्धांच्या डायलिसिसचा इतिहास व धाराशिव जिल्हा

१

मूत्रपिंडे निकामी झालेल्या मनुष्यास यंत्राच्या साहाय्याने जगविता येते, ही गोष्ट आज इतकी परिचयाची झाली आहे की, ती केवळ ऐंशी वर्षांपूर्वी अशक्य मानली जात होती याचा आपणांस विसर पडतो. या उपचाराचा इतिहास सामान्यतः यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी कोणते पटल वापरले, कोणी रक्तवाहिनीस कशी नळी जोडली, किती रुग्ण जगले, किती दगावले, अशा क्रमाने तो लिहिला जातो. परंतु या इतिहासाच्या पोटात दुसरा एक इतिहास दडलेला आहे. यंत्रावर जगणाऱ्या रुग्णाच्या, विशेषतः वृद्ध रुग्णाच्या बुद्धीचे काय होते, आणि बुद्धीच्या ऱ्हासाचा त्याच्या आयुर्मर्यादेशी काय संबंध आहे, या प्रश्नाचा तो इतिहास होय. प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या इतिहासाची रूपरेषा मांडून धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात तिचा विचार करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. वैद्यकशास्त्राच्या प्रांतात त्याने पाऊल का टाकावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, बुद्धीचा ऱ्हास ओळखण्याची साधने मुख्यतः भाषिक आहेत. रुग्णास प्रश्न विचारले जातात, तो उत्तरे देतो, आणि त्या उत्तरांवरून निष्कर्ष काढला जातो. शिवाय एखाद्या अवस्थेस समाज कोणते नाव देतो, यावर ती अवस्था आजार मानली जाते की वयाचा धर्म मानली जाते, हे पुष्कळदा ठरते. वृद्ध रुग्णांच्या बाबतीत हा नावाचा प्रश्न शाब्दिक राहत नाही. तो आयुष्याशी जाऊन भिडतो, असे आमचे मत आहे, आणि त्याचे समर्थन पुढे क्रमाने येईल.

२

प्रथम शब्दांकडे वळू. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. तीतील ‘साठी’ हे रूप संस्कृत ‘षष्टि’पासून प्राकृतातील ‘सट्ठि’च्या द्वारे आलेले आहे, आणि ‘नाठी’ हे ‘नष्ट’पासून ‘णट्ठ’च्या द्वारे. दोन्ही शब्दांत ‘ष्ट’ या जोडाक्षराचा सारखाच ध्वनिविकार झाल्याने यमक आपोआप साधले गेले, आणि यमकामुळे म्हण जिभेवर रुळली. म्हणीचा युक्तिवाद यमकात असतो. साठीचा आणि बुद्धिनाशाचा संबंध येथे सिद्ध केलेला नाही. तो केवळ उच्चारसादृश्याने मनावर ठसविला आहे.

‘म्हातारा’ हा शब्द ‘महत्तर’ म्हणजे ‘अधिक मोठा’ या शब्दापासून आला आहे. प्राचीन ताम्रपटांत ‘महत्तर’ हे गावातील प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांचे अभिधान आहे. या आदरवाचक शब्दाला ‘चळ’ जोडून ‘म्हातारचळ’ हा शब्द तयार झाला, आणि त्यात थट्टा, उपेक्षा व किंचित् भीती यांचे मिश्रण आले. वृद्ध मनुष्य तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागला, रात्री उठून बसू लागला, पैशाचा हिशेब चुकवू लागला, की त्यास म्हातारचळ लागला असे म्हणून घरची मंडळी मोकळी होतात. अवस्थेला नाव मिळाले म्हणजे कारण मिळाले, असा हा समज आहे.

आज वैद्यकीय अर्थाने रूढ असलेला ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द मात्र जुन्या ग्रंथांतून घेतलेला आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो, तेथे त्याचा संदर्भ नैतिक आहे : क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश, त्यापासून बुद्धिनाश आणि शेवटी मनुष्याचा नाश, अशी ती परंपरा आहे. ‘डायलिसिस’ या ग्रीक शब्दासाठी भारतीय भाषांच्या परिभाषेत ‘अपोहन’ हा पर्याय सुचविला गेला. हाही शब्द गीतेतच, पंधराव्या अध्यायात, स्मृती आणि ज्ञान यांच्या जोडीने आला आहे, आणि शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्याचा अर्थ स्मृती व ज्ञान यांचे निघून जाणे असा केला आहे. परिभाषाकारांच्या मनात यातील काही असेल असे मानण्याचे कारण नाही. ‘दूर सारणे’ या धात्वर्थावरूनच त्यांनी तो शब्द घेतला. परंतु जे यंत्र रक्तातील मल दूर सारते त्याच्या सान्निध्यात स्मृतीचे काय होते, हाच आपला विषय असल्याने या योगायोगाची नोंद येथे करून ठेवावीशी वाटते. लोकव्यवहारात मात्र ‘अपोहन’ रुजला नाही. ‘डायलिसिसवर असणे’ हाच प्रयोग आज मराठीत सर्वत्र चालतो, आणि या निबंधातही तोच शब्द योजिला आहे.

३

‘डायलिसिस’ हे नाव स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम याने १८६१ साली एका रासायनिक क्रियेस दिले. सूक्ष्म छिद्रांच्या पटलातून काही द्रव्ये पार होतात आणि काही मागे राहतात, या गुणाचा उपयोग करून ती वेगळी करणे, असा त्याचा अर्थ होता. मनुष्यावर या क्रियेचा पहिला प्रयोग जर्मनीतील गीसेन येथे गेऑर्ग हास याने १९२४ साली केला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जर्मनव्याप्त हॉलंडमधील कॅम्पेन या लहान गावी, विलेम कॉल्फ या तरुण डॉक्टराने १९४३ पासून फिरत्या लाकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून केलेले यंत्र वापरण्यास आरंभ केला. त्याच्या आरंभीच्या रुग्णांपैकी बहुतेक दगावले.

सप्टेंबर १९४५ मध्ये मात्र त्याला निःसंशय यश आले. ज्या रुग्णाचे प्राण यंत्रामुळे वाचले असे निश्चयाने म्हणता येते, ती ६७ वर्षांची एक स्त्री होती. मूत्रपिंडांचे कार्य एकाएकी बंद पडल्याने रक्तात साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे ती बेशुद्धावस्थेत होती. कित्येक तास यंत्र चालल्यावर ती शुद्धीवर आली, बोलू लागली, आणि त्यानंतर काही वर्षे जगून दुसऱ्याच कारणाने वारली.

या घटनेतील दोन गोष्टींकडे इतिहासकारांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. एक तर या उपचाराने वाचलेला पहिला जीव हा एका वृद्ध स्त्रीचा होता. दुसरे असे की, उपचार सफल झाल्याचे पहिले चिन्ह म्हणजे तिच्या तोंडून निघालेले शब्द होते. आयुष्य वाचले हे बुद्धी परत आल्यावरून कळले. अर्थात् डायलिसिसच्या पहिल्या यशात बुद्धी आणि आयुष्य ही दोन्ही एकत्रच होती.

पुढील काळात ती एकमेकांपासून दुरावली. कॉल्फचे यंत्र तात्पुरत्या विकारासाठी होते, कारण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर याने हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची जोडनळी योजिली, आणि मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या मनुष्यास वर्षानुवर्षे जगविणे शक्य झाले. यंत्रे थोडी आणि रुग्ण फार, अशी स्थिती असल्याने कोणाला जगवावयाचे हे ठरविण्यासाठी तेथे १९६२ साली नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. समितीपुढे नावे जाण्यापूर्वीच डॉक्टरांनी जी चाळणी लावली, तीत ४५ वर्षांवरील रुग्ण वगळले जात. ज्या उपचाराने प्रथम ६७ वर्षांची स्त्री वाचली, त्याच उपचाराच्या दारात वीस वर्षांच्या आत पंचेचाळिशी हीच वार्धक्याची सीमा ठरली!

१९६६ साली ब्रेशिया, चिमिनो व त्यांचे सहकारी यांनी रोहिणी व नीला एकमेकींस जोडून करावयाची ‘फिश्चुला’ प्रसिद्ध केली. आजही तीच पद्धत श्रेष्ठ मानली जाते. १९७२ साली अमेरिकेने कायदा करून या उपचाराचा खर्च शासनाच्या शिरावर घेतला. त्याबरोबर वयाची अट गळून पडली, आणि पुढील दशकांत श्रीमंत देशांतील डायलिसिस केंद्रांत वृद्धांची संख्या सातत्याने वाढत गेली. भारतात या उपचाराचा आरंभ १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाला. पुढे चंडीगढ, मुंबई आदी ठिकाणच्या शिक्षणरुग्णालयांतून तो वाढला. परंतु मोठ्या शहरांपलीकडे पोहोचण्यास त्याला कित्येक दशके लागली.

४

बुद्धीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो १९७०च्या दशकात, आणि तोही वाणीच्या द्वारे. अमेरिकेतील डेन्व्हर येथे अ‍ॅलन आल्फ्री व त्यांच्या सहकाऱ्यांना दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांत एक विलक्षण विकार दिसू लागला. १९७२ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या विकाराचे आरंभीचे लक्षण बहुधा बोलण्यातील अडखळ हे असे. रुग्ण थांबत थांबत बोले, शब्दाचा उच्चार चुके, वाक्य अर्ध्यावर तुटे. ही अडखळ डायलिसिसची बैठक संपताच वाढे व नंतर काहीशी ओसरे. पुढे स्नायूंना झटके येत, स्मृती जाई, आणि बहुतेक रुग्ण काही महिन्यांत मृत्यू पावत. विकारास ‘डायलिसिस डिमेन्शिया’ असे नाव पडले.

१९७६ साली याच संशोधकांनी मृत रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण फार वाढलेले असल्याचे दाखविले. ते अ‍ॅल्युमिनियम दोन वाटांनी येत होते : एक, फॉस्फरस कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांतून, दुसरी, डायलिसिसला वापरल्या जाणाऱ्या पाण्यातून. गढूळ पाणी निवळण्यासाठी तुरटी फिरविण्याची रीत आपल्या खेड्यापाड्यांतून सर्वांस ठाऊक आहे. शहरांच्या जलशुद्धीकरणातही तुरटीच, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा क्षार, वापरतात. पिण्याच्या पाण्यातील त्याचा अल्प अंश आतड्यांतून रक्तात फारसा शिरत नाही, आणि जो शिरतो तो निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात. परंतु डायलिसिसच्या एका चार तासांच्या बैठकीत सुमारे १२० लिटर द्रावण एका पातळ पटलाआड रक्ताशी भिडत असते, आणि तेथे आतड्याचा अडसर नसतो. कारण कळल्यावर पाणी अतिसूक्ष्म पटलातून दाबाने गाळून शुद्ध करण्याची, म्हणजे ज्यास आज सर्वत्र ‘आरओ’ म्हणतात ती पद्धत सक्तीची झाली, औषधे बदलली, आणि हा विकार जवळजवळ नाहीसा झाला.

या प्रकरणातून मिळणारा धडा मोठा आहे. रुग्णाचे बोलणे कोणीतरी लक्षपूर्वक ऐकले म्हणून पाण्यातील विष सापडले. ते रुग्ण सत्तरीचे असते आणि आप्तांनी त्यांच्या अडखळण्यास म्हातारचळ म्हटले असते, तर शोध किती लांबला असता याची कल्पनाच करावी.

५

विषाचा प्रश्न मिटल्यावर बुद्धीचाही प्रश्न मिटला, असे काही काळ वाटले. तो मिटला नव्हता हे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्पष्ट झाले. अमेरिकेतील मिनेसोटा येथे अ‍ॅन मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरील ३७४ डायलिसिस-रुग्णांची विस्तृत परीक्षा घेऊन २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ३७.३ टक्के रुग्णांची बोधशक्ती तीव्र प्रमाणात, ३६.१ टक्क्यांची मध्यम प्रमाणात व १३.९ टक्क्यांची सौम्य प्रमाणात खालावलेली आढळली. अवघ्या १२.७ टक्क्यांची बोधशक्ती शाबूत होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील १६,६९४ रुग्णांच्या पाहणीत मात्र स्मृतिभ्रंशाची नोंद दप्तरात असलेले रुग्ण ४ टक्केच होते. या दोन पाहण्यांतील व्याख्या व पद्धती भिन्न आहेत, म्हणून त्यांची थेट तुलना करणे युक्त नव्हे. तथापि परीक्षा घेतली तर दिसते आणि न घेतली तर दप्तरात येत नाही, एवढे अनुमान त्यांवरून निश्चित काढता येते.

दुसऱ्या पाहणीतील पुढचा निष्कर्ष आपल्या विषयाच्या गाभ्याशी येतो. स्मृतिभ्रंशाची नोंद असलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका इतरांच्या १.४८ पट, आणि डायलिसिस सोडून देण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. २०१८ साली अमेरिकेतील ६६ वर्षांवरील साडेतीन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. डायलिसिस सुरू झाल्यापासून पाच वर्षांत स्त्रियांपैकी सुमारे १६ टक्क्यांना व पुरुषांपैकी सुमारे १३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश जडण्याचा संभव दिसला, आणि ज्यांना तो जडला त्यांच्या मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

हा संबंध कसा जुळतो? एक कारण सामाईक आहे. मधुमेह व रक्तदाब हे मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या जशा खराब करतात, तशाच मेंदूतीलही करतात. ज्याची मूत्रपिंडे गेली त्याच्या मेंदूच्या खोल भागास आधीच इजा पोहोचलेली असण्याचा संभव मोठा असतो. दुसरे कारण उपचाराच्या स्वरूपात आहे. दोन-तीन दिवस साचलेले पाणी चार तासांत काढून घेतले जाते, तेव्हा रक्तदाब उतरतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. नेदरलंड्समधील ६५ वर्षांवरील रुग्णांच्या एका लहान अभ्यासात (२०१८) ही घट सरासरी सुमारे १० टक्के आढळली. इंग्लंडमधील २०१५ च्या एका प्रयोगात डायलिसिसचे द्रावण किंचित् थंड ठेवल्यास मेंदूतील श्वेतद्रव्याची हानी टळते असे दिसले. ऱ्हास हा सर्वस्वी अटळ नाही, अशी आशा त्यावरून बाळगता येते.

तिसरे कारण दैनंदिन आचरणाचे आहे, आणि ते सर्वांत दुर्लक्षित राहिले आहे. या रुग्णांत पुष्कळदा आधी ढळते ती स्मृती नव्हे; लक्ष एकाग्र करणे, गोष्टींचा क्रम लावणे, बेत आखणे, मोह आवरणे या शक्ती आधी ढळतात. असा मनुष्य नातवंडांची नावे बिनचूक सांगतो, जुन्या आठवणी रंगवून सांगतो, आणि म्हणून घरच्यांना त्याची बुद्धी धडधाकट वाटते. परंतु दिवसभरात किती पाणी प्यालो याचा हिशेब त्यास राखता येत नाही. आमटी, ताक आणि चहा हेही पाण्यातच धरावयाचे असतात, हे त्यास सांगितले तरी आचरणात येत नाही. गोळ्या जेवणाबरोबर घ्यावयाच्या की नंतर, केळे व नारळपाणी का वर्ज्य, बैठक चुकली तर काय होते, हे सर्व पाळणे म्हणजे नियोजनशक्तीची रोजची परीक्षाच आहे. त्या परीक्षेत नापास होणाऱ्यास आपण हट्टी म्हणतो. बुद्धीच्या ऱ्हासाकडून मृत्यूकडे जाणारी एक वाट अशी घरातूनच जाते.

६

आता धाराशिव जिल्ह्याकडे वळू. निजामाच्या राजवटीत या जिल्ह्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले होते. २०२३ साली त्याचे नाव पुन्हा धाराशिव झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत हा मुलूख त्या संस्थानात होता, १९५६ साली तो मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९८२ साली त्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. त्याच शिरगणतीत महाराष्ट्रात साठीवरील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते हे लक्षात घेतले, म्हणजे वार्धक्य ही मोठ्या प्रमाणावरील सामाजिक अवस्था म्हणून किती नवी आहे हे ध्यानात येते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण रूढ झाली त्या काळी साठी गाठणारे थोडेच असत.

या जिल्ह्यातील सामान्य कुटुंबास डायलिसिस आवाक्यात आला तो गेल्या दशकभरात. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत शेजारचा सोलापूर होता, मराठवाड्यातील नांदेड होता, उस्मानाबाद नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व जिल्ह्यांस लागू झाली, आणि पात्र कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांत डायलिसिसचाही लाभ मिळू लागला. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली, आणि जिल्हा रुग्णालयांतून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांस विनामूल्य डायलिसिस देण्याचे धोरण ठरले. २०२२ साली जिल्ह्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. सिअ‍ॅटलच्या समितीने जी वयाची भिंत उभारली होती, तशी भिंत या योजनांत नाही. सत्तरीचा शेतकरी आणि त्याची पासष्टीची पत्नी यांना यंत्राचे दार उघडे आहे, ही सामाजिक न्यायाच्या दृष्टीने थोर गोष्ट होय.

परंतु दार उघडे असणे आणि तेथपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा पोहोचणे यांत अंतर आहे. परंडा, भूम किंवा उमरगा तालुक्यातील खेड्यातून एसटीने केंद्र गाठावयाचे, चार तास यंत्राला जखडून पडावयाचे, आणि थकल्या देहाने परतावयाचे, यात सबंध दिवस जातो, आणि सोबतीला येणाऱ्या मुलाचा किंवा सुनेचा रोजगारही बुडतो. बुद्धी ढळू लागलेल्या वृद्धास एकट्याने हा प्रवास करता येत नाही. सोबतीची गैरसोय झाली की बैठक चुकते, आणि बैठक चुकली की रक्तात विष व अंगात पाणी साचते; त्याने बुद्धी आणखी मंदावते. हे चक्र बाहेरून पाहणाऱ्यास दारिद्र्याचे दिसते. त्यात बुद्धीच्या ऱ्हासाचाही आरा आहे, हे विसरता कामा नये.

पाण्याचा प्रश्न तर या भागात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांच्या स्मरणात ताजा आहे, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातुरास रेल्वेने पाणी पुरवावे लागले हे सर्वांस आठवत असेल. एका बैठकीस १२० लिटर शुद्ध द्रावण लागते, आणि ते मिळविण्यासाठी त्याहून बरेच अधिक कच्चे पाणी खर्ची पडते. टँकर व कूपनलिका यांचे पाणी ऋतूप्रमाणे बदलते. तेव्हा गाळणयंत्राची निगा व पाण्याची नियमित तपासणी हा अवर्षणप्रवण जिल्ह्यात बुद्धिरक्षणाचाच भाग मानला पाहिजे. डेन्व्हरच्या इतिहासाचा येथे प्रत्यक्ष उपयोग आहे.

७

बुद्धीची परीक्षा या जिल्ह्यात घ्यावयाची झाल्यास ती कशी घ्यावी? भाषाशास्त्राचा खरा संबंध येथे येतो. प्रचलित परीक्षांत आजची तारीख, महिना, साल विचारतात. शंभरातून सात-सात वजा करावयास सांगतात. एक वाक्य लिहावयास, एक वाचावयास देतात. आज पंच्याहत्तरीत असलेली येथील स्त्री संस्थानाच्या विलीनीकरणाच्या सुमारास जन्मली, आणि तिच्या पिढीतील पुष्कळ स्त्रियांना शाळेची पायरी चढावयास मिळाली नाही. अशा आजीबाईंस तारीख सांगता आली नाही, तर ते बुद्धीचे न्यूनत्व समजावयाचे काय? अमावास्या होऊन किती दिवस झाले, आठवड्याचा बाजार परवा झाला की व्हायचा आहे, हे त्या अचूक सांगतील. तुळजापूरचे नवरात्र कोणत्या महिन्यात आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा कोणत्या पौर्णिमेस, यांत त्या चुकणार नाहीत; आणि चुकल्याच, तर ती चूक मात्र अर्थपूर्ण समजावी. संख्येचा हिशेब विसाच्या पटीने, ‘तीन विसा नि दहा’ असा करणाऱ्यास शंभरातून सात वजा करावयास सांगण्यापेक्षा बाजारातील सुट्या पैशांचा हिशेब विचारणे अधिक न्याय्य होय. दूरच्या आठवणीसाठी बहात्तरचा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आहेत. सास्तूर परिसरातील कोणताही वृद्ध त्या पहाटेचा वृत्तांत सांगू शकेल.

ही दिशा नवी नाही. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली जी हिंदी परीक्षा प्रसिद्ध केली, तीत लेखनवाचनावर अवलंबून असलेले प्रश्न बदलून त्यांच्या जागी बोलून वा अनुकरण करून उत्तर देता येईल असे प्रश्न योजिले होते. पुढे भारतव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ साली साठीवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज प्रसिद्ध झाला, तोही अशाच अनुकूलित परीक्षांच्या बळावर. याचा दुसरा अर्थ असा की, साठी उलटलेल्या शंभरांपैकी नव्वदाहून अधिकांची बुद्धी ‘नाठी’ झालेली नसते. म्हण येथे आकड्यांपुढे टिकत नाही.

धाराशिव जिल्ह्यात आणखी एक काळजी घ्यावी लागेल. उमरग्याकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी व अनेक घरांत दख्खनी उर्दू बोलली जाते. घरची भाषा एक आणि परीक्षेची भाषा दुसरी असेल, तर शब्द शोधण्यास लागणारा वेळ हा ऱ्हास समजला जाण्याचा धोका आहे. परीक्षकाची भाषा व संबोधनही महत्त्वाचे. या भागात वडीलधाऱ्या पुरुषास ‘बाप्पा’ म्हणून हाक मारतात. त्या हाकेने सुरू झालेला संवाद आणि ‘पेशंटचे नाव काय’ अशा प्रश्नाने सुरू झालेला संवाद, यांत वृद्धाकडून येणारे उत्तर एकच असत नाही. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ म्हणून गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले, त्यामागेही गावच्या भाषेत आणि गावच्या नात्याने बोलणारे माणूस हवे, हेच तत्त्व होते.

८

आतापर्यंतच्या विवेचनाचे तात्पर्य असे. डायलिसिसच्या पहिल्या यशात बुद्धी आणि आयुष्य यांची सांगड होती. उपचाराचा विस्तार होताना आयुष्य मोजले गेले आणि बुद्धी मोजावयाची राहिली. एकविसाव्या शतकातील अभ्यासांनी ती सांगड पुन्हा सिद्ध केली. मराठी समाजात या विस्मरणास आपल्या म्हणींनी व ‘म्हातारचळा’सारख्या शब्दांनी हातभार लावला आहे, कारण त्यांनी आजाराची जागा वयाला दिली.

यातून प्रत्यक्ष आचरणात आणण्याजोग्या तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रत्येक वृद्ध रुग्णाची बोधशक्ती उपचाराच्या आरंभी व नंतर दरवर्षी त्याच्या भाषेत व त्याच्या जीवनातील प्रश्नांनी तपासली जावी, आणि ती नोंद रक्तदाबाच्या नोंदीशेजारी लिहिली जावी. ही परीक्षा बैठक चालू असताना किंवा ती संपताच घेऊ नये, कारण त्या वेळी थकलेला मेंदू नेहमीचे माप देत नाही. दुसरी, ऱ्हास दिसल्यास तो वयाचा मानण्यापूर्वी अपुरा डायलिसिस, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, बहिरेपणा, खिन्नता व औषधांचा परिणाम यांचा शोध घ्यावा. यांपैकी पुष्कळ कारणे दूर करता येतात. पथ्य मोडणाऱ्यास रागावण्याऐवजी त्याच्या सुनेस किंवा नातवास पाण्याचे माप शिकवावे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. अमेरिकेत शुश्रूषागृहांतील ३,७०२ वृद्धांच्या २००९ च्या अभ्यासात डायलिसिस सुरू झाल्यापासून वर्षभरात ५८ टक्के वृद्ध मृत्यू पावले, आणि केवळ १३ टक्क्यांना आपली पूर्वीची हिंडण्याफिरण्याची व स्वतःचे स्वतः करण्याची शक्ती राखता आली. ते वृद्ध आधीच अत्यंत दुर्बल होते, म्हणून हा आकडा आपल्या गावच्या काटक शेतकऱ्यास जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु उपचार घ्यावा की नाही, किती काळ घ्यावा, आणि कोणत्या अवस्थेत तो थांबवून केवळ वेदनाशमनावर भर द्यावा, हा निर्णय ज्याचा त्याला करता यावा, हे त्यावरून स्पष्ट होते. बुद्धी शाबूत असतानाच हे प्रश्न वृद्धास समजेल अशा मराठीत त्याच्यापुढे मांडले गेले पाहिजेत. संमतिपत्रावर अंगठा उठविण्याने ते काम होत नाही. त्या मांडणीची भाषा तयार करणे, तिची चाचणी घेणे आणि ती जिल्ह्यातील बोलींत उतरविणे हे काम वैद्यकाने भाषाशास्त्राकडे मागावे, आणि मराठीच्या विद्यापीठीय विभागांनी ते आपले समजून हाती घ्यावे. एम. ए.च्या विद्यार्थ्यांनी बोलींच्या सर्वेक्षणासाठी जिल्ह्यात फिरताना काळगणना, संख्यागणना व नातेसंबंध यांविषयी वृद्धांची बोली टिपून ठेवली, तरी या कामाचा पाया घातला जाईल.